दोरा नव्हता तो

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेटवरून निरोप आला, मामाचा फोन आहे. अंबडच्या कारखान्यात लागून मला चार वर्षं झाली, पण मामाने तिथे कधी फोन केला नव्हता. "प्रकाश, तुझी मामी पाणी पीत नाय. तांब्या समोर धरला की घसा आवळल्यावानी करती." पलीकडून मामा विचारत राहिला, "हालो… आयकतोय ना?" ऐकत होतो. मला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी यमुनामामी गेली. त्याला आता सव्वा महिना झाला.

दहावीनंतर मी नामपूरहून नाशिकला शिकायला आलो तो मामाच्या मळ्यात. शहराच्या कडेला झेंडू, शेवंती. मामी दुसरीपर्यंत शिकलेली, पण परीक्षेच्या दिवसांत मला फुलाला हात लावू द्यायची नाही. "तोडायला ढीग माणसं मिळतील. आपल्या घरात बुकं वाचणारा एकच हाय." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तो तिच्यामुळे. निकालानंतर तिने माझं नावच बदललं. "बी.एस्सी. साहेब, बल्ब उडालाय, बघा तुमचं शास्त्र काय म्हणतं!"

गेल्या श्रावणात, म्हणजे सत्त्याण्णव साली, फूलबाजारातून येताना रिकाम्या टोपलीत तिने एक पिल्लू आणलं. महिन्याभराने जनावरांचे डॉक्टर वस्तीत कुत्र्यांना लस टोचायला आले. लोकांनी दोरखंड लावून मोठी कुत्री आणली. मामी मात्र पिल्लाला छातीशी धरून मागेच. "ह्याला कशाला? अजून कुंपणाबाहेर पाय नाय टाकला. ह्याला कोण चावणार?" कुंपणाच्या फटीतून मुंगूस येतं, भटकं कुत्रं येतं, हे आम्हाला दिसत होतं. तीन महिन्यांच्या पिल्लालाही सुई द्यावी लागते हे मी वाचलेलं होतं. पण ते केकाटलं, मामीचा चेहरा उतरला, आणि मी म्हणालो, "पुढच्या खेपेला देऊ." या तीन शब्दांचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही…

नवरात्राच्या आधी एका सकाळी पिल्लाचा जबडा लोंबायला लागला. लाळ गळत होती, भाकरी गिळवत नव्हती. हार ओवणाऱ्यांच्या घरात अशा वेळी पहिला संशय दोऱ्यावर. पडवीभर दोरे पडलेले असायचे, पिल्लू ते चघळायचं. एकदा मामीने त्याच्या घशातून वीतभर दोरा ओढून काढलाही होता. "धर रे जबडा," ती म्हणाली. मी धरला. तिने दोन बोटं आत घातली, चाचपलं. "हाताला लागत नाय… लय खोल गेला जणू." पिल्लाच्या दातांनी तिची बोटं खरचटली, माझा अंगठाही. तिने हात पदराला पुसले आणि पुन्हा हार ओवायला बसली.

संध्याकाळी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते बघता बघता दोन पावलं मागे सरले. "तोंडात हात कुणी घातला?"

"मामीने. धरलं मी."

"दोरा नाही हा. जबडा लुळा पडलाय. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावत नाही. दोघेही आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा." दुसऱ्या दिवशी पिल्लू मेलं.

सुया पोटात घ्यायच्या होत्या, रोज एक, चौदा दिवस. मामी तीन दिवस आली. मग दसरा तोंडावर आला, मळा पिवळा झाला. "जखम भरली की. माझं कातडं राठ हाय." मला मात्र रोज सकाळी फाटकापाशी अडवायची. "साहेब, आधी सुई, मग कंपनी." मी दोनदा भांडलो, तिसऱ्यांदा एकटाच गेलो. नंतर ती चहा प्यायला लागली की मी तिच्या घशाकडे बघायचो. "काय बघतो रं, नजर लावतो का?" ती हसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी बघायचं थांबवलं, आणि फोन आला.

दवाखान्यात पंख्याचा वारासुद्धा तिला सोसत नव्हता. मध्येच शुद्ध आली तेव्हा तिने मलाच विचारलं, "तुझ्या सुया झाल्या ना सगळ्या?" हो म्हणालो. "मग बरं."

तेराव्यानंतर वस्तीतले लोक काठ्या घेऊन निघाले, दिसेल ते कुत्रं मारायला. मामा आडवा आला. "मारून काय व्हतंय? बाहेरून दुसरी येतील. हायेत ती टोचून घ्या." गेल्या रविवारी डॉक्टर पुन्हा आले. शेजारची सून पदराखाली पिल्लू घेऊन घुटमळत होती. मामाने ते तिच्याकडून घेतलं आणि सुई होईपर्यंत स्वतः धरून ठेवलं. पिल्लाने त्याचा हात चाटला. आम्ही दोघेही त्या ओल्या हाताकडे बघत राहिलो… डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पिल्लू चांगलं आहे. पण चावलं, ओरखडलं, जखमेला लाळ लागली, तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. मग थेट दवाखाना. आणि एकही सुई चुकवायची नाही."

मामा घरामागच्या हौदाकडे गेला. मी मागोमाग. काठावर करवंटीत मामीचा साबण होता, झिजून मधोमध खोलगट झालेला. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी तिने पदराला हात पुसले, त्या पडवीपासून तो दहा पावलांवर. मामाने तो उचलला, तसाच धरून उभा राहिला.

"वापरू का रे?" त्याने मला विचारलं.