पहिला रिपोर्ट नॉर्मल होता

सकाळी इथंच टाकलं होतं ना मी, "बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका"? ते विसरा.

शेतात तूर सोंगताना बाबांच्या छातीत कळ आली. बाभुळगावहून तासाभरात यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. ईसीजी ठीक. ट्रोपोनिनही ठीक, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते.

बाबा उठूनच बसले. "गॅस आहे म्हटलं होतं ना तुले! चाल घरी." मी पलंगाखालची चप्पल काढून त्यांच्या पायापुढे ठेवली.

सिस्टरनं ती उचलली आणि आपल्या टेबलाखाली टाकली. "काका, रक्त घेतलं तेव्हा दुखणं सुरू होऊन तासच झाला होता. इतक्या लवकर रक्तात दिसतच नाही. तीन तासांनी परत रक्त घेऊ, मग चप्पल देते."

"एकदा घेतलं ना रक्त! परत कायले?" बाबा भडकले. खरं सांगते, मीही भडकले होते.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा कितीतरी पटीनं वाढलेला. हार्ट अटॅकच होता.

बाबा आता आयसीयूत आहेत. आत्ताच विचारलं, "माही चप्पल कुठी आहे?"

सिस्टरनं काढून घेतली ती चप्पल, पण पायापुढे मीच ठेवली होती. तुम्ही काय केलं असतं?