विकतचा पलंग

"दावा इथंच लावता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "माल तुमच्या घरी आला, अपघातही घरातच झाला. कंपनीच्या शहरात जायची काही गरज नाही."

"तिकडेच लावा," म्हातारा सुतार म्हणाला.

"अहो, दिवसभराचा प्रवास आहे! लोक आपल्या गावात लावता यावा म्हणून भांडतात."

इथल्या कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा सुतारानेच केला होता, एकही खिळा न ठोकता, नुसते सांधे बसवून. त्यातच उभं राहून, आपण मोबाइलवरून पलंग मागवला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? काम सोडल्यावर रंधा हातात धरायचा कंटाळा आला, एवढंच कारण होतं. पलंग जोडताना स्क्रू भुशात फिरावा तसा फिरला, तेव्हाच त्याला कळलं होतं. तरी चालेल म्हणून त्याने वर गादी टाकली. आठवडाभरात बायको पलंगासकट खाली आली.

ती शेजारीच बसली होती, हात प्लास्टरमध्ये.

"साक्षीला मलाही यावं लागेल ना?" तिने विचारलं. "मग हा हात घेऊन दिवसभर गाडीत बसवा मला. तुमची अब्रू वाचली म्हणजे झालं."

सुताराने त्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"इथंच लावा."

वकीलबाईंनी लिहायला घेतलं. "धंदा?"

"सुतार," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"मोठ्यानं सांगा," बायको म्हणाली. "पिंजऱ्यात उभे राहाल तेव्हा सांगायचंच आहे."