गुंडाचं सोवळं

सोवळं म्हटलं की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा नव्या सुनेच्या हातात सगळ्यात आधी काय आलं, तर काठी. उंच वलणीवर वाळलेलं सासूबाईंचं लुगडं त्या काठीनं काढायचं, काठीनंच त्यांच्यापुढे धरायचं, आणि चुकून माझा पदर लागला की पुन्हा पाण्यात टाकायचं. पण आमच्या भवानी पेठेत सासूबाईंपेक्षाही कडक सोवळं पाळणारा एक माणूस होता, आणि तो होता धनगर. गुंडा त्याचं नाव. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो बोळातून निघायचा आणि पोरं ओरडायची, "सरका, सरका, सोवळं आलं!"

गुंडाची मेंढरं रोगानं गेली, तेव्हा तो सांगोल्याकडून इथं आला आणि गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लागला. त्याची बायको मायाक्का घरी लोकर कातायची. तिचा भाऊ सिद्धनाथ गावाकडून काळ्या लोकरीची गाठोडी आणायचा आणि तिनं कातलेलं सूत घोंगड्यांसाठी परत न्यायचा. एकाच खोलीत नवरा कापसानं पांढरा होऊन यायचा आणि बायको काळ्या लोकरीत बुडालेली असायची. दोघांचं झकास चाललं होतं. बिघडलं ते गिरणीत.

एक दिवस पांढऱ्या धोतराच्या ठाणात काळे केस विणलेले निघाले. गुंडाच्या खात्याचा जॉबर म्हणजे मुकादम मल्लिकार्जुन, अक्कलकोटकडचा कानडी, आवाजाचा दणकट. माग काढत तो थेट गुंडापाशी आला आणि त्याच्या पैरणीवरून एक कुरळा काळा केस चिमटीत उचलला.

"एनो गुंडा, धोतर काढतो का घोंगडी? पुन्ना केस दिसला की घरी जायचं. मेंढ्या राख."

राखायला मेंढ्या होत्या कुठं?

बोळातल्या बायकांनी फुकटचा न्याय करून टाकला, की मायाक्कानं चरखा बंद करावा. त्यांचं काय जात होतं सांगायला! मायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोकर सुटली की म्हायेर सुटलं की वो," ती मला म्हणाली. "भाऊ मग कशापायी यील?" गुंडानं मात्र एका शब्दानं तिला बंद कर म्हटलं नाही. "तू कात. मी बगतो," एवढंच म्हणाला. तो काय बघणार होता देव जाणे.

मग मायाक्का त्या पैरणीच्या मागं हात धुऊन लागली. आधी उलटी करून झटकायची, सोड्याच्या पाण्यात उकळायची, दगडावर धोपटायची, वाळली की पुन्हा झटकायची. इतकी स्वच्छ पैरण पेठेत दुसरी नव्हती. आणि तरी रोज केस! गुंडा बिचारा गिरणीच्या फाटकापर्यंत अंगावरचे केस वेचत जायचा.

झालं होतं असं, की धुतलेली पैरण घडी करून ती घोंगडीवर ठेवायची. धनगराच्या घरात घोंगडीपेक्षा मानाची जागा नाही. देव मांडायचा घोंगडीवर, पाहुणा बसवायचा घोंगडीवर. मग ज्या पैरणीवर घरची भाकरी, ती दुसरीकडे कुठं ठेवणार? तिची काळजी जेवढी वाढली, तेवढे केस वाढले.

असंच एकदा ती सासूबाईंनी सांगितलेली धाबळी घेऊन आमच्या ओट्यावर आली. मी तेव्हा काठी घेऊन वलणीशी झटत होते.

"ह्ये लुगडं इतकं वर का वो टांगलंया?" तिनं विचारलं.

"सोवळ्यातलं आहे. कुणी शिवायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आन् धाबळी?"

"ती लोकरीची. लोकरीला विटाळ नसतो."

मायाक्का पोट धरून हसली. "ऐका! तुमच्यात लोकर सोवळी, आन् आमचं मालक जात्यात त्या गिरणीत तीच ओवळी!" हसता हसता ती एकदम थांबली. वलणीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि धाबळीचं कौतुक ऐकायलाही न थांबता घरी पळाली.

दुसऱ्या दिवसापासून धनगराच्या घरी सोवळं सुरू झालं. पैरण धुवायचा दगड वेगळा, वलणी अंगणात, चरख्यापासून लांब आणि उंच. वाळलेली पैरण आता घोंगडीवर नाही, झाकणाच्या मडक्यात. सकाळी गुंडानं अंगणात अंघोळ करून तिथंच ती अंगात घालायची, आणि मग त्याला कुणी शिवायचं नाही. मायाक्का त्याला उन्हात उभा करून त्याच्याभोवती फिरायची. एखादा केस दिसलाच तर काठीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून टिपायची. भाकरीचं गाठोडंही काठीलाच अडकवून पुढं करायची. सगळा बोळ हसायचा. सासूबाई तर म्हणाल्या, "आमच्या घरापेक्षा तिथंच जास्त पाळतात हो!" आणि माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

केस थांबले. चरखा चालू राहिला. सिद्धनाथ गाठोडी घेऊन येत राहिला.

मग थंडीत गुंडाला ताप आला. चांगला लांबला. एकदा तर बोळातल्या लोकांनी आशा सोडली होती. तेवढे दिवस मायाक्काचा चरखा कोपऱ्यात गप्प होता आणि तो आवाज नाही म्हणून मला काही सुचत नव्हतं. शेवटी गुंडा उठला. कामावर जायच्या पहिल्या दिवशी तो अंगणात उभा राहिला तर पैरण त्याच्या अंगावर नुसती लोंबत होती. मायाक्कानं काठीवर गाठोडं पुढं केलं. त्यानं हात लांब केला. आणि तिनं काठी टाकून दिली. सगळ्या बोळादेखत जाऊन त्याला मिठी मारली, खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. मी तोंडाला पदर लावून बघत राहिले. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी!

"जावा आता," ती म्हणाली. पैरण बघायचं दोघंही विसरली.

संध्याकाळी गुंडा आमच्या ओट्यावर येऊन ह्यांना सांगत होता, मी दाराआड उभी होते.

"मास्तर, जॉबरनं खांद्यावरनं केस उचालला. उजेडाला धरला. वडतोय तरी संपंना! सगळी बगाय लागली. मला परत ताप भरल्यागत झालं. म्हनला, 'हा कुठल्या मेंढीचा रे, एवढा लांब?' मी म्हनलं, 'मेंढीचा न्हाय जी. घरचा हाय.'"

"मग? काढलं का काय कामावरून?" ह्यांनी विचारलं.

"न्हाय. मग म्हनला, 'हेंडतीचा व्हय? बायकोचा?' आन् मास्तर, त्यानं त्यो केस टाकला न्हाय. माज्या पैरनीच्या बटनाला गुंडाळला, गाठ मारली. म्हनला, 'बांधलेला केस कापसात पडत नाही. घरी ने.'"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. वरच्या बटणाला खरंच काळं वेटोळं होतं. आमचे हे हसले. मला हसू आलं नाही, मला मायाक्काचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मायाक्का पैरण धुवायला बसली. उलटी करून झटकली, उकळली, त्या वेगळ्या दगडावर मन लावून धोपटली. मी सहज विचारलं, "तो केस काढून टाकलास की नाही?"

"काडत हुते. मालक न्हाय म्हनलं," ती म्हणाली आणि लाजून खाली मान घातली. मग वरचं बटण अंगठ्याखाली झाकून तिनं बाकीची पैरण चोळली.