अर्ध्याचा अर्धा

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोपा विमानतळावर ड्युटीवर होते. डिचोलीला घरी पोहोचले तर ओसरीवर कुणीतरी कुजबुजत होतं, "देवाची थट्टा केली होती हो तिने..." मेलेल्या माणसाला तरी सोडा! सत्तरी उलटलेल्या बाईचं हृदय थांबलं, यात देवाने कसला सूड घेतला?

थट्टा कसली, ते सांगते. बारावीनंतर मला इंजिनियरिंगला जायचं होतं. बाबा म्हणाले, देवळात कौल लावूया. आमच्याकडे मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी कौल मागितले दोन... शिकायला पाठवू का, आणि हॉस्टेलात ठेवू का. दोन्ही उजवे आले तरच मी जाणार.

आत्या हायस्कुलात गणित शिकवायची, लग्नाच्या फंदात पडली नव्हती, आणि रागावली की शाळेतल्या मराठीत बोलायची. भटजींसमोरच कडाडली, "दादा, एका कौलाला होकाराची शक्यता अर्धी. दुसरा कौल पहिल्याला विचारून पडत नाही, त्याचीही अर्धी. दोन्ही होकार हवेत तर अर्ध्याचा अर्धा, पाव! चारातल्या तीन वाटा तूच बंद केल्यास, आणि नाव देवाचं?"

"देवाक गणित शिकयतंस?" बाबा भडकले.

"देवाला नाही, तुला."

पहिल्या कौलाला उजवी पडली. दुसऱ्याला डावी. बाबा सुटल्यासारखे उठले. आत्या जागची हलली नाही. "देव जा म्हणालाय. हॉस्टेल नको म्हणालाय. नको तर नको! मी खोली घेते, पोर माझ्यापाशी राहील." कॉलेज फोंड्याला. तिथे खोली घेऊन, माझं शिक्षण संपेपर्यंत ती रोज पहाटेच्या बसने डिचोलीला शाळेत गेली. कुणाची टाप होती अडवायची!

आत्याच्या बाराव्याला जेवणं झाल्यावर भावाने विषय काढला. त्याच्या मुलीला, दीक्षाला, पुण्याला शिकायला जायचंय. "दोन कौल लावूया," तो म्हणाला. कोपऱ्यातून म्हातारे बाबा बोलले, "दोन नको. एकच लाव. दोन लावलस तर चेडवाक पाव वाटोच उरता."

इतक्या वर्षांनी का होईना, बहिणीचं गणित त्यांना पटलं होतं. पण समोर खुंटीला आत्याची बसमधली कापडी पिशवी अजून लटकत होती. अर्ध्यावर गप्प बसणारी बाई नव्हती ती.

"एकही नाही," मी म्हटलं. "दीक्षा, तुला जायचंय?"

"जायचंय."

मी पिशवी खुंटीवरून काढली आणि तिच्या खांद्याला अडकवली.