दारासाठी दिलेला नंबर

साठी उलटली तरी चिखलीच्या शालनबाई कधी हॉटेलात राहिल्या नव्हत्या. भाचा सनीनं लेकीच्या बारशासाठी चाकणला खोली घेतली, तेव्हा त्यांनी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. सनी तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याला आत्यानंच वाढवलं होतं.

हॉटेलात शिरताच त्यानं त्यांचा मोबाइल मागून घेतला. थोडा वेळ काहीतरी दाबत राहिला, मग स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. "आत्या, सहा आकडी नंबर आलाय, वाच. त्याशिवाय खोलीचं दार उघडायचं नाही."

शालनबाईंना आकडे तेवढे वाचता यायचे. एकेक आकडा त्यांनी खणखणीत वाचला, तसा सनीनं तो स्वतःच्या मोबाइलवर टाकला. मग काउंटरवर त्यांचा फोटो काढला.

खोलीत पाय टाकला की दिवे लागायचे, पडदे आपोआप सरकायचे. "भाच्यानं राणीवानी ठिवलंय मला," असं त्या बारशाला आलेल्या बायकांना सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन परतल्या, तर दार उघडेना. काउंटरवरची स्नेहल धावत आली.

"अगं, कालचा नंबर टाक की," शालनबाई म्हणाल्या.

"कुठला नंबर, मावशी? दार चेहरा बघून उघडतं. पदर जरा मागं घ्या." दार उघडलं. "आम्ही ओटीपी मागतच नाही कुणाला."

शालनबाईंनी मोबाइल पुढं केला. "मग ह्यो कशाचा हाय?"

स्नेहल वाचता वाचता थबकली. "मावशी, जमीन बिल्डरला द्यायच्या संमतीपत्रावर तुमची ऑनलाइन सही झालीय."

माहेरच्या जमिनीत त्यांचाही वाटा होता आणि ती विकायला त्या वर्षभर नाही म्हणत होत्या.

सनी खाली नाश्त्याला बसला होता. शालनबाईंनी मोबाइल त्याच्यापुढं धरला, तरी त्यानं मान वर केली नाही. "नंतर सांगणारच होतो आत्या. तू ऐकतच नव्हतीस."

"समोर बसून भांडला असतास, तर येखाद्या येळी दिलीबी असती रं. आन् मी येडी, आकडं मोठ्यानं वाचीत हुते."

बाळाच्या गालाला हात लावून त्या निघाल्या आणि एकट्याच बसनं घरी आल्या. शेजारच्या भाग्यश्री वकीलबाईंनी हरकत लिहून दिली. बिल्डरनं ते संमतीपत्र रद्द केलं.

पुढं सनी दोनदा आला, पाया पडला. त्यांनी चहा दिला, बाळाची चौकशी केली. "येतो आत्या," तो म्हणाला. "ये" म्हणायला मात्र त्यांचं तोंड उघडलं नाही.