चौदाव्या टेपची शेवटची चार मिनिटं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पत्नीला अर्धंच सांगितलं, सहकाऱ्यांना काहीच नाही. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी त्या गाण्याचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घालून हसलो. लोकांना तो विनय वाटला.

आता टाळता येत नाही, कारण आमच्या जुन्या संस्थेच्या आर्काइव्हमधून एक फॉर्म्युलार, म्हणजे छापील अर्ज, आलाय. मी तमिळनाडूत ध्वनिमुद्रित केलेल्या सगळ्या टेप्स संगणकावर चढवताहेत. प्रत्येक गाण्यामागे एक पान आहे आणि त्यात तिसरा रकाना आहे: रचनाकाराचं नाव. बाकी सगळी पानं मी दोन दिवसांत भरून टाकली. चौदाव्या टेपचं पान तीन आठवडे फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होतं.

"अहो, कागद पिवळा पडेल आता," पत्नी म्हणाली. "नाव लिहायचंय, राज्य नाही लिहून द्यायचं."

"लिहितो."

"आठवत नाहीये का?"

"आठवतंय."

"मग?"

मी कोट घालून बाहेर पडलो. त्या तीन आठवड्यांत मी कोलोनमध्ये जेवढा चाललो तेवढा गेल्या तीन वर्षांत चाललो नसेन. ऱ्हाइनच्या काठी जायचं, बाकावर बसायचं, लगेच उठायचं. ट्राममध्ये बसलो तर दोन स्टॉप आधीच उतरायचं. घरी परत आलो की तो कागद तिथेच.

मी मूळचा पुण्याचा. संस्कृत शिकायला म्हणून इथे जर्मनीत आलो आणि तमिळकडे वळलो. तंजावरवर मराठ्यांनी राज्य केलं, पण तिथल्या खेड्यापाड्यांच्या आठवणीत त्या काळाचं काय उरलंय हे कोणी विचारलेलं नाही, असं मला वाटायचं. कागदपत्रांत राजे सापडतात. मला गाण्यांत माणसं शोधायची होती. तिशी ओलांडलेली, नोकरी कायम झालेली नाही, आणि प्रबंधाला कणा हवा होता.

तंजावरच्या बाजूच्या एका गावात मोठा तलाव होता. त्याचा बांध मराठ्यांच्या काळात घातला, असं गावात सांगत. मी शाळेतल्या मास्तरांच्या घरी उतरलो होतो. त्यांनीच मला एका बाईकडे नेलं. ती ओप्पारी गाण्यात पंचक्रोशीत नावाजलेली होती. ओप्पारी म्हणजे मेलेल्या माणसाजवळ बसून बायका जे गाऊन रडतात ते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मी तिला अक्का म्हणू लागलो, ती मला तंबी, धाकटा भाऊ.

ती घरात गायला तयार नव्हती. ज्या घरात कोणी मेलेलं नाही तिथे ओप्पारी गायची नसते, मरण दारात येऊन उभं राहतं.

"तुझ्या यंत्राला कळतं का कोण मेलंय ते?" तिने विचारलं.

"नाही, अक्का."

"मग त्याच्यासाठी कशी रडू?"

मी आठ दिवस तिच्या दारात जात राहिलो. नवव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, चल. गावाबाहेर बांधावर गेली, गावाकडे पाठ केली, पाण्याकडे तोंड करून बसली आणि गायली. बांधाने एक मुलगी घेतली, असं ते गाणं होतं. माती राहत नव्हती, पाणी ऐकत नव्हतं, मग तळ्याने पायात पैंजण घातलेली मुलगी मागितली. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर निम्मा काटा दुःखाचा होता आणि निम्मा प्रबंधाचा. बांध टिकावा म्हणून दिलेला बळी! मराठी अमदानीतली, कुठल्याही दप्तरात नसलेली घटना, एका बाईच्या गळ्यात जिवंत.

गाणं संपलं. टेप चालूच होती. ती डोळे पुसत बोलू लागली. हे गाणं माझं आहे, तंबी. मीच बांधलं. माझी लेक सात वर्षांची होती, तीन वर्षांपूर्वी इथे कमळं काढायला उतरली आणि गेली. तिने लेकीचं नाव सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं, यंत्राच्या जवळ तोंड नेऊन. म्हणाली, तुझ्या लोकांना ऐकवशील तेव्हा हे नाव सांग. त्यासाठीच गायले. मग ती साडीसकट तळ्यात उतरली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि निथळतच घरी गेली.

मला सगळं समजलं होतं. माझं तमिळ तेवढं चांगलं होतं.

लिहायला बसलो तेव्हा मी स्वतःची समजूत काढली. ओप्पारी गाणाऱ्या बायका जुन्या ओळींत आपलं माणूस बसवतातच. पहिल्या दोन ओळी दुसऱ्या गावातही मला मिळाल्या होत्या. म्हणजे गाणं जुनं, दुःख तेवढं नवं. लोकगीताखाली आम्ही अभ्यासक एक ठरलेला शब्द लिहितो, तो मी लिहिला: अज्ञात. शेवटची चार मिनिटं उतरवलीच नाहीत. त्या दोन ओळींत ना बळी होता, ना बांध. ते सगळं तिचं होतं, मराठी राजवट मी जोडलेली.

पुस्तक निघालं, नोकरी कायम झाली. पुण्यात व्याख्यान दिलं तेव्हा शेवटी एक वृद्ध गृहस्थ माझा हात हातात घेऊन रडले. मास्तरांना मी आनंदाने तमिळ सारांश पाठवला.

वीसेक वर्षांनी पुन्हा त्या गावी गेलो. बांधावर एक दगड उभा होता, हळद लावलेला, लाल साडी नेसवलेला. शेजारी पाटी: तीनशे वर्षांपूर्वी बांधासाठी प्राण देणारी कन्या. मास्तर अभिमानाने म्हणाले, "सर, हे तुमच्यामुळे. आता दरवर्षी इथे पोंगलचा नैवेद्य शिजतो."

अक्का तिथे आली. केस पांढरे झाले होते, गुडघे धरून चालत होती. तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीनशे वर्षांची आहे म्हणे ही," ती म्हणाली. "माझी असती तर आता तिशीची असती."

मी पाटी पुन्हा वाचू लागलो.

"बायका मला सांगतात, तू पण नवस बोल, पावते. मी म्हणते, मला नाही पावायची. मी तिला त्या दिवशी रागावले होते." थोडं थांबून तिने विचारलं, "तुझ्या देशात तिचं नाव सांगितलंस ना, तंबी?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग झालं. इथे कोणी घेत नाही. देवीला नावाने हाक कोण मारतो?"

दुसऱ्या दिवशी ती मला बसपर्यंत सोडायला आली. पदरात उकडलेल्या शेंगा होत्या, त्या माझ्या पिशवीत ओतल्या. बस दहा मिनिटं उभी होती. मी रात्रभर तमिळमध्ये वाक्यं जुळवली होती. खिडकीतून वाकलो आणि तिला विचारलं, गुडघ्यांना कुठलं तेल लावता?

पुढे मास्तरांचं पत्र आलं, ती गेल्याचं. तिच्यासाठी ओप्पारी कोणी गायली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर फॉर्म्युलार. गेल्या सोमवारी आर्काइव्हमधल्या बाईंचा फोन आला. "हेर प्रोफेसर, चौदाव्या टेपवर गाणं संपल्यानंतर ती स्त्री चार मिनिटं बोलते. फाइलमध्ये त्याचं काहीच नाही. महत्त्वाचं नव्हतं का ते?"

"आल्झो..." मी म्हणालो. या देशात एवढं म्हटलं की समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघतो. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी मी म्हणालो, ती फाइल पाठवा.

स्वयंपाकघरातच लावली. पत्नी पोळ्या लाटत होती. तिला तमिळ येत नाही, पण गाणं संपून बोलणं सुरू झालं तसा तिचा हात थांबला.

"काय म्हणतेय ती?"

मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलो. तव्यावरची पोळी करपली.

"आणि तुम्ही काय केलंत?"

मी तेही सांगितलं. दगडाचं, बसचं, तेलाचंसुद्धा. तिने गॅस बंद केला. मग तिने चुंबक काढला, कागद टेबलावर ठेवला आणि पिठाच्या हाताने पेन शोधायला गेली.

तिसऱ्या रकान्यात मी अक्काचं नाव लिहिलं. शेऱ्यांच्या जागेत लेकीचं नाव, वय, आणि ती चार मिनिटं जशीच्या तशी उतरवून जोडली. माझ्या पुस्तकातलं ते प्रकरण चुकीचं नव्हे, खोटं आहे, असं संस्थेला वेगळं कळवलं. गावाला पत्र लिहायला घेतलं आहे. मास्तर आता नाहीत. दगडाचं काय करायचं ते गाव ठरवील, पण पाटी कोणामुळे लागली हे त्यांना कळायला हवं. या लेखात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही. त्या मुलीचं नाव पहिल्यांदा छापलं जाईल ते तिच्या आईच्या गाण्याखाली, माझ्या पश्चात्तापाखाली नाही.

सगळं पाठवून झालं तरी एका जागी बसवत नाही. सकाळी पुन्हा नदीवर जाऊन आलो. चालताना ओठ हलत होते, समोरून येणाऱ्या एका बाईंनी वळून पाहिलं. ती बसच्या खिडकीतली वाक्यं अजून पाठ आहेत, शब्दन् शब्द. अक्का, मन्निच्चिडुंग, क्षमा करा. मी तिचं नाव कोणालाही सांगितलं नाही. ती तुमची लेक होती, हे मला त्याच दिवशी समजलं होतं.