साडभाऊ आणि अस्वलाची साक्ष

जगात आजवर जे जे काही चुकलं, बिघडलं, सांडलं किंवा उशिरा पोचलं, ते सगळं आमच्या थोरल्या साडभाऊंमुळे. हा माझा आरोप नाही. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि कोणी न विचारता ते दिवसातून अनेकदा तसं सांगत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौंसरला त्यांचा संत्र्यांचा व्यापार. मी पांढुर्ण्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशोबावर. साडभाऊंच्या अंगात पांढरा सदरा, त्याचा डावा खिसा कायम फुगलेला आणि पिवळा पडलेला, कारण त्यात कधी एक तर कधी दोन संत्री असत. बोलण्याआधी ते बारीक खोकत, आणि खोकून झालं की बहुधा एकच वाक्य बाहेर पडे: "गलती माही हाय."

इटारसीकडची गाडी उशिरा आली, तर गलती त्यांची, कारण ते घरून निघताना उंबऱ्यावरून परत फिरले होते. आपला क्रिकेटचा संघ हरला, तर गलती त्यांची, कारण नको तेव्हा त्यांनी रेडिओ लावला होता. एकदा तिगावच्या एका लग्नात वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं आणि वरपक्ष पानावरून उठायच्या बेताला आला. मुलीचा बाप आचाऱ्याकडे बोट दाखवत होता, आचारी मुलीच्या काकाकडे. तेवढ्यात साडभाऊ मध्ये उभे राहिले, खोकले आणि म्हणाले, "बसा जी, बसा. गलती माही हाय." दोन्हीकडची मंडळी पुन्हा पानावर बसली, भाजीत पाणी घातलं गेलं, पंगत पार पडली. मुलीच्या बापाने हात जोडून त्यांना विचारलं की आपण वरपक्षाचे की आमच्याकडचे. तेव्हा उलगडा झाला की साडभाऊंचं आमंत्रण पलीकडच्या गल्लीतल्या लग्नाचं होतं. "हे पण माहीच गलती," असं म्हणून ते तिकडे जेवायला गेले.

मला हे पटत नसे. मी हिशोबाचा माणूस. चूक ही गोष्ट ज्याची त्याच्या नावावर पडली पाहिजे, नाहीतर तो माणूस ती पुन्हा करतो, असं माझं सरळ मत होतं आणि आहे. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही लोकांच्या चुका फुकटात उचलता, त्यामुळे सौंसरात कोणी सुधारत नाही. त्यावर ते म्हणाले की हेही खरं आहे आणि त्यात गलती त्यांचीच आहे. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे कापसाच्या गाठीला बुक्क्या मारणं. आपलाच हात दुखतो.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. सौंसरातल्या काही व्यापाऱ्यांनी एक मंडळ काढून लेकरांसाठी बाग केली. घसरगुंडी, झोके, पिंजऱ्यात मोर, जाळीत ससे आणि बागेच्या मागच्या अंगाला एक अस्वल. ते कुठल्याशा मदाऱ्याचं; मदारी आजारी पडून वारला आणि अस्वल राहिलं. त्याला ठेवायची परवानगी काढली होती म्हणतात. मी कागद पाहिला नाही, तेव्हा खात्रीने लिहीत नाही. अस्वलासाठी छातीइतकी भिंत, भिंतीवर लोखंडी जाळी आणि मागच्या कोपऱ्यात पाण्याचं टाकं. टाक्याजवळ भिंत अर्धवट राहिली होती, तिथे जाळीच जमिनीपर्यंत आली होती. समोर पाटी: 'जनावरांना काहीही खायला देऊ नये.' ही पाटी लावायची सूचना मंडळाच्या सभेत साडभाऊंनीच मांडली होती, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावं.

एका रविवारी दुपारी साडभाऊंची सून आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन बागेत गेली. सून शाळेत शिक्षिका. बाकावर एका सोबतिणीशी बोलत बसली, आणि मान वळवून पाहते तर पोरगी झोक्यावर नाही. ती सापडली अस्वलाच्या जाळीच्या आत. मांडी घालून बसली होती, पुढ्यात संत्रं सोललेलं, आणि फोडीवरचे पांढरे दोरे काढून, बिया बाजूला ठेवून, एकेक फोड ती अस्वलाच्या ओठांपुढे धरत होती. अस्वलही पंगतीत बसल्यासारखं शहाण्यासारखं घेत होतं. लोक ओरडायला लागले. सून ओरडली नाही. टाक्यामागे जाळीला भोक होतं, तिथे जाऊन ती गुडघ्यावर बसली आणि घरी हाक मारावी तशी हळू हाक मारली. पोरगी भोकातून सरपटत बाहेर आली आणि नाराजीने म्हणाली, "पाहुण्याचं जेवण नाई झालं अजून."

खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या संध्याकाळपासून सौंसरात दुसरा विषय उरला नाही. दोष कोणाचा? पानठेल्यावर एक पक्ष, बसस्टँडवर दुसरा. कोणी म्हणे चौकीदार चहाला गेला होता. कोणी म्हणे मंडळाने जाळी गंजू दिली. एका निवृत्त गुरुजींचं म्हणणं की दोष अस्वलाचा, त्याने निदान गुरगुरायला हवं होतं. मी माझ्यापुरतं वाटप करून ठेवलं होतं: आठ आणे मंडळ, चार आणे चौकीदार, चार आणे आई. वाद बसने पांढुर्ण्यालाही आला. आमच्याकडचा एकजण सौंसरच्या व्यापाऱ्याला म्हणाला, "तुमच्या इकडे लेकरं अस्वलाले जेवू घालतात म्हणे." व्यापाऱ्याने शांतपणे उत्तर दिलं, "हो जी. पण आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्याइले नदीवर नेऊन गोटे वेचून देत नाई." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची आमच्या गावाची जुनी रीत आहे. त्यामुळे पांढुर्ण्याने या चर्चेतून अंग काढून घेतलं.

हळूहळू सगळे पक्ष एका गोष्टीवर मात्र एक झाले. आई. बाई नोकरी करते, सोबतिणीशी गप्पा मारते, मग लेकरू अस्वलाकडे जाणार नाही तर कुठे जाईल? हे स्वयंपाकघरांत सुरू झालं आणि शाळेपर्यंत पोचलं. साडभाऊंचा मुलगा छिंदवाड्याला नोकरीत. तो आला आणि त्याने बायकोला सांगितलं की पुढच्या सोमवारी राजीनामा दे, घरी बसून पोरीकडे पहा. सुनेने रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली नोकरी होती ती.

आता साडभाऊ या सगळ्यात गप्प होते का? छे. ते पहिल्या संध्याकाळपासून पानठेल्यावर, बसस्टँडवर, घरात, देवळात सांगत होते की गलती माही हाय. पण ऐकतो कोण? लोक माना डोलवत आणि म्हणत, पहा, सासरा असावा तर असा, सुनेचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतो. म्हणजे ते जितक्यांदा स्वतःची चूक सांगत, तितका सुनेचा दोष पक्का होत जाई. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका आपल्या म्हणून सांगितल्या, त्यामुळे स्वतःची एक खरी चूक त्यांना कोणी आपल्या नावावर लावू देईना.

कारण ती खरोखरच त्यांची होती. हे मला सांगायला ते बसने पांढुर्ण्याला आले. पाणी प्यायले, खोकले आणि म्हणाले, "साडभाऊ, मले गुन्हेगार ठरवून द्या."

मी म्हटलं, तुम्ही तर रोजच ठरता.

"तसं नाई जी. या वेळी मी खरं बोलून राहिलो, अन् कोणी मानून नाई राहिलं. तुम्ही हिशोबी माणूस. तुमच्या तोंडातून निघालं का लोक मानतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी ते टाक्यामागे जाऊन अस्वलाला संत्री देत. अस्वलाला ते पाहुणा म्हणत. परगावचा जीव, आपल्या गावात राहिला, त्याला उपाशी कसं ठेवायचं? समोरून द्यायला आडवी यायची ती पाटी, जी त्यांनीच लावायला लावली होती. जाळीतून संत्रं जाईना, म्हणून पक्कड नेऊन त्यांनी संत्र्याएवढं भोक पाडलं. त्या वर्षी फळ मोठं धरलं होतं, म्हणून भोक थोडं वाढवलं. मग पाहुण्याचा पंजा तारेला घासायला लागला, म्हणून आणखी. आणि नातीला संत्रं सोलायला त्यांनी तिथेच बसून शिकवलं होतं. बी पाहुण्याच्या दाताला लागतं, ते काढून द्यायचं.

त्यांना बोलायला मी आजवर कमी केलं नव्हतं, पण त्या दिवशी फार बोललो. पोरीला काही झालं असतं तर, हे मी विचारलं. नेहमीचं वाक्यसुद्धा आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "माह्या सुनेची नोकरी राहिली पाह्यजे."

रविवारी बागेतच मंडळाची सभा बसली. अर्धं गाव आलं होतं. मंडळाचे अध्यक्ष कापडदुकानदार, मधुर बोलणारे. मी उभा राहून आरोप मांडला: भोक, पक्कड, संत्री, शिकवण. माझ्या आयुष्यातला हा एकमेव खटला, आणि त्यात आरोपी माझ्या बाजूला, आणि त्याला निर्दोष ठरवायला सगळं गाव विरुद्ध बाजूला. जाळी गंजून तुटली, असं सगळे धरून चालले होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, मागं बस नाल्यात गेली तेव्हा हे नागपुरात होते. तरी म्हणाले गलती माही हाय. यांचं काय ऐकता?" लोक हसले. गुरुजी म्हणाले की अशा देवमाणसावर साडूनेच किटाळ आणावं, हे वाईट आहे. सून मागे उभी होती, पदर घट्ट धरून.

मी म्हटलं, साक्षीदार आहे. आणि सभा उठवून अस्वलाकडे नेली. अध्यक्षांच्या हातात एक सोललेलं संत्रं दिलं आणि त्यांना समोर उभं केलं. अस्वल आलं, संत्र्याचा वास घेऊ लागलं. मग मी साडभाऊंना मागे टाक्याकडे पाठवलं आणि काही न बोलता नुसतं खोकायला सांगितलं.

ते खोकले.

अस्वलाने अध्यक्षांकडे पाठ फिरवली. डुलत डुलत टाक्यामागे गेलं. भोक आता नव्या तारेने बांधलेलं होतं. त्याने तिथे नाक लावलं, तारेखालून पंजा काढता येईल तेवढा बाहेर काढला आणि साडभाऊंच्या सदऱ्याच्या डाव्या खिशाकडे लांबवला. उजव्या नाही, डाव्या. साडभाऊंनी उजव्या खिशातून पक्कड काढून अध्यक्षांपुढे धरली, डाव्यातून संत्रं काढलं आणि सवयीने सोलायला बसले. कोणी हसलं नाही. चौकीदार हळूच म्हणाला, रोज संध्याकाळी जनावर इथंच येऊन बसतं, मला वाटे पाण्यासाठी.

चूक शाबीत झाली. साडभाऊंच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. गाव खजील होऊन सुनेकडे पाहीना, आणि मुलाने राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही. ती पुढे त्याच शाळेत मुख्याध्यापिका झाली. पण चूक शाबीत झाली की शिक्षा लागते, आणि मंडळाला ती द्यावी लागली. साडभाऊंनी हयातभर बागेत पाय ठेवायचा नाही. "मंजूर," ते ताबडतोब म्हणाले. आपण काय मंजूर केलं, हे त्यांच्या ध्यानात बहुधा घरी गेल्यावर आलं.

त्यांनी शिक्षा पाळली. संत्री चौकीदाराच्या हाती पाठवत, आणि संध्याकाळी बागेबाहेरच्या रस्त्याने सावकाश जाऊन येत. त्या वाटेवर मात्र ते कधी खोकत नसत. खोकला आला तर तोंडावर उपरणं दाबून पुढे जात. मला ते कळायला वेळ लागला.

पुढच्या हंगामात मी सौंसरला गेलो तेव्हा चौकीदार भेटला. म्हणाला की संत्री समोर ठेवली तर अस्वल खातं, पण संध्याकाळ झाली की टाक्यामागे जाऊन त्या बांधलेल्या तारेपाशी बसतं. अंधार पडेपर्यंत बसतं. मी हे साडभाऊंना सांगितलं. लपवायचा माझा स्वभाव नाही. ते खाटेवर बसून संत्रं सोलत होते. हात थांबले. आता ते वाक्य येणार, म्हणून मी वाट पाहिली.

ते म्हणाले, "साडभाऊ, ही मात्र तुमची गलती हाय. इतकं पक्कं शाबीत नोतं करा लागत." आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका गोळा करणाऱ्या त्या माणसाने ही एकच चूक दुसऱ्याला दिली, ती मला. आता साडभाऊ नाहीत, अस्वल त्यांच्याही आधी गेलं. घरात दूध उतू गेलं की आम्ही सगळे एकमेकांकडे पाहतो, पण 'गलती माही हाय' म्हणणारं कोणी नसतं. त्या एका चुकीचं आणे-पैशांत वाटप करायचा मी पुष्कळदा विचार केला: काही मंडळाला, काही पाटीला, काही त्यांना. पण त्यांनी दिलेली वस्तू आहे, सोळा आणे मीच ठेवून घेतली आहे.